थांबवून विचारण्याची सोय

बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराने १९३२ साली रेडिओबद्दल एक तक्रार मांडली होती. हे यंत्र नुसते ऐकवते, ऐकून घेत नाही. श्रोत्यालाही बोलता येईल आणि तो इतरांशी जोडला जाईल अशी तजवीज केली, तर सार्वजनिक जीवनाला याच्याएवढे मोठे साधन दुसरे मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ती तजवीज आता झाली आहे. हातात स्मार्टफोन असलेल्या कोणालाही बोलता येते, मंत्र्याच्या पोस्टखाली उत्तर लिहिता येते, आपले म्हणणे रातोरात हजारोंपर्यंत पोचवता येते. तरी समाजमाध्यमांवर माणसे एकमेकांशी बोलतात की एकमेकांना ऐकवतात, हा प्रश्न मिटलेला नाही. त्याचे उत्तर शोधताना बहुतेकांची कसोटी एकच असते: बोलणे एका दिशेने चालले आहे की दोन्ही दिशांनी? ही कसोटी मला अपुरी वाटते. दोन्ही दिशांनी नुसते ऐकवणेही चालू शकते. ऐकणारा बोलणाऱ्याला मध्येच थांबवून ‘म्हणजे काय?’ असे विचारू शकतो आणि त्या विचारण्याने बोलणाऱ्याचे पुढचे वाक्य बदलते, ही संवादाची खूण आहे. या खुणेने पाहिले की समाजमाध्यमांचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास बराच वेगळा दिसू लागतो, आणि त्यावर काय करता येईल याचे उत्तरही निराळे निघते.

प्रत्यक्ष बोलताना काय घडते याचा अभ्यास गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ बारकाईने झाला आहे. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली साध्या गप्पांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले की कोणी केव्हा बोलायचे याचे काटेकोर नियम माणसे नकळत पाळत असतात. २००९ साली दहा भाषांची तुलना झाली, तेव्हा प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतले अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाले. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच ऐकणारा आपले उत्तर जुळवत असतो. माझ्या दृष्टीने याहून मोलाचा निष्कर्ष २०१५ सालचा आहे. बारा भाषांमधली रोजची बोलणी तपासल्यावर असे आढळले की सरासरी दीड मिनिटही जात नाही तोच कोणीतरी ‘आँ?’, ‘कोण?’, ‘म्हणजे उद्याच का?’ असे विचारून बोलणे दुरुस्त करून घेते. गैरसमज संवादातही होतातच. पण ते झाल्या जागी, झाल्या क्षणी निस्तरले जातात, आणि ते काम बोलणारा व ऐकणारा वाटून घेतात. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली जमलेल्या घोळक्यांची निरीक्षणे करून असे नोंदवले की एकाच बोलण्यात सहसा चारच्या आसपास माणसे टिकतात. संख्या वाढली की घोळका फुटतो आणि दोन बोलणी सुरू होतात. याचे कारण कळण्यासारखे आहे. दहा जणांना दर दीड मिनिटाला थांबवून विचारायचे असेल तर बोलणे पुढे सरकणारच नाही. म्हणून मोठ्या समुदायाशी बोलणाऱ्याने ही दुरुस्ती आधीच करून ठेवावी अशी जुनी अपेक्षा आहे. कीर्तनकार पाठांतर करतो, व्याख्याता टिपणे काढतो, संपादक मजकूर तपासतो, मुद्रितशोधक चुका काढतो. ऐकणाऱ्याला थांबवता येणार नाही, हे ओळखून केलेली ही तयारी असते.

ट्विटरचा जन्म २००६ सालचा. एका निरोपाला १४० अक्षरांची मर्यादा आली ती एसएमएसच्या मापामुळे. ओळखीपाळखीच्या माणसांनी आपण काय करतो आहोत ते एकमेकांना कळवावे, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. नाव घेऊन उत्तर देण्यासाठी ॲट चिन्ह लावणे, विषयाला हॅशटॅग जोडणे, दुसऱ्याचे म्हणणे पुढे देताना ‘आरटी’ लिहिणे या रीती कंपनीने शिकवल्या नव्हत्या, वापरणाऱ्यांनीच त्या पाडल्या. दुसऱ्याचे म्हणणे हाताने उतरवून घ्यायचे, जागा करण्यासाठी ते थोडे छाटायचे, आपले दोन शब्द जोडायचे आणि मग पुढे द्यायचे, अशी ती पद्धत होती. डॅना बॉइड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली या पद्धतीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना तिच्यात बोलण्यात सामील होण्याचा एक प्रकार दिसला. मात्र त्याआधीच, २००९च्या नोव्हेंबरात, कंपनीने रिट्वीटचे बटण आणले होते. आता दुसऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे, आपला एक शब्दही न जोडता, क्षणात पुढे जाऊ लागले. हे बटण बनवणाऱ्या गटाचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी दहा वर्षांनी जाहीर मुलाखतीत त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. चार वर्षांच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक दिल्यासारखे ते झाले असावे, या अर्थाचे त्यांचे उद्गार होते. मला या बदलाचा दुसरा परिणाम जास्त गंभीर वाटतो. वाक्य आणि त्याची जागा यांची ताटातूट झाली. ‘असे नाही, तसे’ ही दुरुस्ती मूळ पोस्टखाली पडून राहते आणि पोस्ट मात्र दुरुस्तीला मागे सोडून हिंडत राहते. कोरियातल्या कैस्ट या संस्थेतील संशोधकांनी २०१० साली ट्विटरवरची ४ कोटी १७ लाख खाती आणि त्यांच्यातले सुमारे १४७ कोटी दुवे तपासले. दोन्ही बाजूंनी असलेले दुवे जेमतेम २२ टक्के निघाले. हे ओळखीचे जाळे आहे की बातमीचे माध्यम, असाच प्रश्न त्यांनी शीर्षकात विचारला होता, आणि आकडे दुसऱ्या बाजूने बोलत होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आकड्यांनिशी येतो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२१ साली केलेल्या पाहणीत तिथल्या प्रौढ वापरकर्त्यांपैकी सर्वाधिक सक्रिय अशा एकचतुर्थांश लोकांनीच ९७ टक्के ट्वीट लिहिलेली आढळली. पण त्या ट्वीटांपैकी सुमारे एकतृतीयांश प्रत्युत्तरे होती. मग संवाद होत नाही असे कसे म्हणायचे? प्रत्युत्तरे भरपूर आहेत, हे मान्यच करायला हवे. पण ती कोणाला उद्देशून असतात, हे पाहिले पाहिजे. ॲलिस मार्विक आणि बॉइड यांनी २०११ साली लिहिले की ट्विटरवर बोलणारा आपल्यापुढे एक श्रोतृसमुदाय कल्पून बोलतो. घर, कचेरी, जुने मित्र, अनोळखी लोक असे सगळे प्रसंग तिथे एकात एक मिसळून जातात. दोघे बोलत असतात, पण तिसरा नेहमी हजर असतो आणि मोजतही असतो. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी ७,३३१ वापरकर्त्यांची १ कोटी २७ लाख ट्वीट तपासून २०२१ साली दाखवले की संतापाच्या शब्दांना लाइक आणि रिट्वीट मिळाले की तोच माणूस पुढे आणखी संतापाने लिहू लागतो. इथेही ऐकणाऱ्यामुळे बोलणाऱ्याचे पुढचे वाक्य बदललेच. म्हणजे मी वर सांगितलेल्या खुणेतला अर्धा भाग इथे सापडतो. पण वाक्य बदलणारा तो समोरचा नव्हे. ज्याला उत्तर दिले त्याला कळले का, पटले का, याला इथे काहीच महत्त्व उरले नाही. बदल घडवला तो पाहणाऱ्यांच्या टाळ्यांनी. कोर्टात साक्षीदाराला प्रश्न विचारणारा वकील न्यायाधीशासाठी बोलत असतो, साक्षीदारासाठी नव्हे. अशा प्रत्युत्तरांची संख्या कितीही वाढली तरी दुरुस्ती वाढत नाही.

हीच प्रत्युत्तरे वेगळ्या व्यवस्थेत वेगळी वागतात, याचाही पुरावा आहे. रेडिट या संकेतस्थळावर २०१३ पासून चालू असलेला एक विभाग आहे, ‘चेंज माय व्ह्यू’ नावाचा. तिथे येणारा आपले मत कारणांसह मांडतो आणि ते बदलून दाखवा असे स्वतःहून सांगतो. ज्याच्या बोलण्याने मत बदलले त्याला खुणेचे ‘डेल्टा’ चिन्ह देतो. मान मिळतो तो समोरच्याचे मत हलवण्याबद्दल. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली इथल्या हजारो चर्चा तपासल्या. त्यांना असे दिसले की दोघांमध्ये थोडी देवाणघेवाण झाली की मत बदलण्याची शक्यता वाढते, आणि पाच फेऱ्यांपुढे गेली की ती जवळजवळ संपते. हा तपशील मला फार बोलका वाटतो. खऱ्या संवादात पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच दुरुस्ती होते. त्यानंतर चालू राहते ते बहुधा दुसरे काहीतरी असते. याउलट समाजमाध्यमांच्या कंपन्यांच्या हिशेबात पन्नास फेऱ्यांचा वाद हा पाच फेऱ्यांच्या बोलण्याच्या दहापट यशस्वी ठरतो.

हा हिशेब फेसबुकने २०१८ साली प्रत्यक्ष करून पाहिला. त्या जानेवारीत मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले की ब्रँड आणि वृत्तसंस्था यांच्या मजकुरापेक्षा माणसांमाणसांतल्या अर्थपूर्ण देवाणघेवाणीला न्यूज फीडमध्ये वरची जागा मिळेल. प्रसारण कमी करून संवाद वाढवण्याचा हा बहुधा जगातला सर्वांत मोठा प्रयत्न होता, आणि त्यामागचा हेतू खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण संवाद मोजायचा कसा? यंत्राला मोजता येतात त्या कॉमेंट, शेअर आणि चेहऱ्यांची चिन्हे. त्याच सुमारास रागाच्या चेहऱ्याला लाइकच्या पाचपट वजन होते. कमी होत होत ते २०२० साली शून्यावर आणावे लागले. २०२१ साली कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून कळले की या बदलाने मंच अधिक रागीट झाल्याचा इशारा कंपनीतल्याच संशोधकांनी दिला होता, आणि युरोपातल्या काही राजकीय पक्षांनी आपल्याला आता अधिक नकारात्मक मजकूर टाकावा लागतो अशी तक्रार केली होती. संवाद वाढवायला गेले आणि वाद वाढले, ते यामुळे की कॉमेंटच्या संख्येलाच संवाद समजले गेले. मग कंपनीची दिशाच बदलली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२५ साली मेटाने आपल्या बचावासाठी जे आकडे मांडले त्यांनुसार, फेसबुकवरच्या वेळापैकी सुमारे १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवरच्या वेळापैकी ७ टक्केच वेळ मित्रमंडळींचा मजकूर पाहण्यात जातो. बाकीचा वेळ मुख्यतः अनोळखी लोकांचे व्हिडिओ पाहण्यात. सोशल नेटवर्क म्हणून जे सुरू झाले ते दूरचित्रवाणीच्या जवळ गेले आहे, हे आता त्या कंपनीचेच म्हणणे आहे.

ड्यूक विद्यापीठातील ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांचे दोन प्रयोग एकाशेजारी एक ठेवले की फरक फार स्पष्ट होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्या लोकांना महिनाभर विरुद्ध पक्षाच्या नेत्यांचे आणि मतांचे निरोप पाहण्यासाठी पैसे देण्यात आले. दुसरी बाजू कानावर पडली की मने सैल होतील, ही अपेक्षा. घडले उलट: रिपब्लिकन लोक आपल्या मतांत जास्त घट्ट झाले, आणि डेमोक्रॅटही सैल झाले नाहीत. दुसरा प्रयोग २०२३ सालचा. त्यासाठी एक साधे ॲप बनवले गेले. त्यात विरुद्ध पक्षांच्या दोघा अनोळखी माणसांनी, नाव न सांगता, एका वादाच्या प्रश्नावर एकमेकांशी लिहून बोलायचे होते. प्रेक्षक नाहीत, लाइक नाहीत. या बोलण्यानंतर दुरावा कमी झाला. देश तोच, पक्षांमधले भांडण तेच, आणि अक्षरे दोन्हीकडे पडद्यावरचीच. बदलली ती व्यवस्था. समाजमाध्यमांचे दोष माणसाच्या स्वभावाचे आहेत, यंत्राला दोष देऊन काय उपयोग, असे नेहमी म्हटले जाते. त्या म्हणण्याला याहून चांगले उत्तर माझ्या माहितीत नाही. स्वभावाला नाकारण्याचे कारणच नाही. पण त्याच स्वभावाची माणसे एका व्यवस्थेत कडक होतात आणि दुसरीत सैल होतात.

भारतात मात्र हा प्रश्न ट्विटरपेक्षा व्हॉट्सॲपचा आहे, आणि तिथे तो अधिक अवघड होतो. बाहेरून पाहता व्हॉट्सॲप म्हणजे निव्वळ संवाद: आई मुलीला लिहिते, दुकानदार गिऱ्हाईकाला, चुलत-मावस भावंडांचा ग्रुप. हे बोलणे खरेच मोलाचे आहे, आणि ते सरकारच्या आणि कंपनीच्या नजरेबाहेर राहावे यासाठी असलेली कुलूपबंद व्यवस्थाही हवीच. पण याच खासगी बोलण्याच्या वाटेने प्रसारणही वाहते आणि त्याच्यावर बोलणाऱ्याचा चेहरा चढतो. फॉरवर्ड कोणाचा आहे हे ठाऊक नसते. धाडला कोणी, तर काकांनी. त्यामुळे अनोळखी माणसाच्या वाक्याला काकांच्या विश्वासाचे बळ मिळते, पण काकांना विचारून ते दुरुस्त करता येत नाही, कारण काकांनाही ते कुठून आले ते माहीत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. अशा हत्येला एक निरोप पुरत नाही. भटक्या समाजाकडे चोर म्हणून पाहण्याची जुनी, कायद्यानेही पोसलेली नजर त्यामागे आहे. पण ‘तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात’ हे समोर उभ्या माणसाला विचारून घेण्याआधीच उत्तर फोनमधून येऊन बसलेले होते, हे विसरता येत नाही. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. २०१९च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. २०२०च्या एप्रिलमध्ये फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि अशा निरोपांचा प्रवाह ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. उपाय चांगला होता. पण त्याने फक्त वेग कमी झाला. पुढे गेलेल्या निरोपामागून दुरुस्तीला त्याच वाटेने जाता येईल, अशी सोय आजही नाही.

दरम्यान ग्रुपचा आकार २५६ वरून २०२२ साली ५१२ आणि मग १,०२४ झाला. २०२३ साली भारतासह जगभर चॅनेल आली; त्यांत एक बोलतो आणि बाकीचे फार तर चिन्ह उमटवतात. जिल्हा प्रशासन, नगरपालिका, शाळा, सोसायट्या, पक्ष यांचे किती तरी ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ या कुलपात असतात. त्यामागचे कारण समजते. हजार माणसांच्या सुप्रभातांत पाणी कधी येणार ही सूचना बुडून जाते. मग ॲडमिनचे काम काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली एका प्रकरणात स्पष्ट केले की सामाईक हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, कारण माणसे घेणे आणि काढणे याखेरीज त्याच्या हाती फारसे काही नसते. निर्णय न्याय्यच आहे. पण त्यातून या रचनेतली पोकळी उघडी पडते. हजार माणसांच्या बैठकीत अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, प्रश्न टिपून घेणारा नाही, उत्तर देणे ज्याचे काम आहे असा कोणी नाही.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. संवादाचे एवढे कौतुक कशाला, असे विचारले जाते, आणि रास्तपणे विचारले जाते. जॉन डरॅम पीटर्स या अमेरिकी अभ्यासकाने १९९९ सालच्या आपल्या पुस्तकात सॉक्रेटिसच्या दोघांतल्या संवादाशेजारी येशूची बी पेरणाऱ्याची गोष्ट ठेवली आणि दाखवून दिले की सगळ्यांसाठी सारखे, उत्तराची अट न घालता बोलण्यातही एक औदार्य आहे. संवाद मात्र जाचकही होऊ शकतो. आपल्याकडे हा आक्षेप जास्त टोकदार होतो. वाड्यात, पारावर, देवळाच्या ओवरीत चालणाऱ्या बोलण्यात कोणाला बसू दिले जात होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. ज्यांच्याशी कोणी बोलतच नाही त्यांना आधी सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलावे लागते. २०१७च्या ऑक्टोबरात ‘मी टू’ या दोन शब्दांनी जे घडवले ते दोघांतल्या संवादाने घडले नसते. दोघांतल्या बोलण्यात लैंगिक छळाबद्दल सांगू पाहणाऱ्या बायकांना गप्पच केले गेले होते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच प्रसारण वाईट असे माझे म्हणणे नाही. पण ‘मूकनायक’कडे नीट पाहिले तर दुसरी गोष्टही दिसते. वृत्तपत्रांना १८६७च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापावी लागत. कोणाला जाब विचारायचा हे वाचकाला माहीत असे. पुढे १९२७ साली महाडच्या सत्याग्रहानंतर ‘बहिष्कृत भारत’मधून बाबासाहेबांनी टीकाकारांचे मुद्दे घेऊन त्यांना सविस्तर उत्तरे दिली. त्या प्रसारणात आधीची काळजी होती आणि नंतरची जबाबदारीही. आजच्या फीडमध्ये प्रसारणाचा पल्ला आहे पण संपादकाची काळजी नाही. संवादाची ऐसपैस भाषा आहे पण थांबवून विचारण्याची सोय नाही. दोहोंची बळे घेतली आणि दोहोंची बंधने टाकली, ही माझी तक्रार आहे. तिची झळही बोलू लागलेल्या दुबळ्यालाच आधी लागते, कारण त्याचे वाक्य संदर्भातून तोडून फिरवणे सगळ्यांत सोपे असते.

मग मोठ्या समुदायात संवाद अशक्यच म्हणायचा का? नाही, आणि याचे एक उत्तम उदाहरण पुण्यातले आहे. १९५६ सालच्या पहिल्या काही महिन्यांत युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली गेली. दर गावात वीसेक शेतकऱ्यांचे श्रोतृमंडळ आणि त्याला एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे मिळून वीस कार्यक्रम. मंडळ एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे, आणि निमंत्रक चर्चेचा वृत्तान्त व उरलेले प्रश्न केंद्राला कळवायचा. त्यांतल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे दिली जायची. मूळ कल्पना कॅनडातली होती. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केले आणि आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. मंडळे असलेल्या गावांत शेतकऱ्यांच्या माहितीत मोठी भर पडली. जिथे मंडळ नव्हते तिथे, रेडिओ असूनही, ती फारच किरकोळ होती. आवाज तोच, मजकूर तोच. फरक पडला तो शेजारी बसलेल्या वीस जणांमुळे, ‘हे आपल्या जमिनीला चालेल का?’ असे विचारता येण्यामुळे आणि ते टिपून घेणाऱ्या माणसामुळे. ब्रेख्तची इच्छा पुरी करायला यंत्रात फारसा बदल करावा लागला नाही. पोस्टकार्ड आणि निमंत्रक पुरले. पुढे ही योजना देशभर नेली गेली, हजारो मंडळे निघाली. पण पहिल्या प्रयोगाची निगा एवढ्या विस्तारात टिकली नाही आणि ती विरत गेली.

इंटरनेटवरही अशा व्यवस्था घडवलेल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींनी उत्तराचे बटणच काढून टाकले आहे. तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमनावर लोकांचे मत घेताना ‘पोल.इस’ (Pol.is) नावाचे साधन वापरले गेले. त्यात कोणीही एक विधान मांडू शकतो आणि इतरांच्या विधानांना होकार, नकार किंवा ‘पुढे’ एवढेच देऊ शकतो. थेट प्रत्युत्तर देता येत नाही. ज्याला आपले म्हणणे मान्य व्हावे असे वाटते त्याने ते विरुद्ध बाजूला पटेल असे पुन्हा मांडायचे. थांबवून विचारण्याची ती एक संथ, सामूहिक रीतच आहे. ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, २०२१ पासून ज्या वाचकांच्या टिपा सुरू केल्या त्यांत एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना उपयुक्त वाटलेली टीपच पोस्टखाली दिसते. दुरुस्ती वाक्याला चिकटून प्रवास करते, हे त्यातले मोठे काम. टीप अनेकदा पोस्ट सगळीकडे फिरून झाल्यावर उगवते, हा तिचा मोठा तोटा. मराठीत मायबोलीसारख्या १९९६ पासूनच्या संकेतस्थळांनी एका विषयाचा एक धागा ठेवून मूळ म्हणणे आणि त्यावरची दुरुस्ती एकाच जागी टिकवली, आणि गप्पांसाठी वाहती पाने वेगळी ठेवली. तिथे येणारा वर्ग लहान आणि बराचसा शहरी-परदेशस्थ होता, ही मर्यादा खरी. पण बोलण्याला जागा असावी लागते हे त्यांना फेसबुकच्या कितीतरी आधी उमगले होते.

अशा व्यवस्थेला माणूस लागतो आणि पैसा लागतो, हा शेवटचा आक्षेप. त्याला माझे उत्तर सुरेश प्रभूंच्या काळातल्या रेल्वेचे आहे. २०१४ ते २०१७ या त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात प्रवाशाने चालत्या गाडीतून ट्विटरवर तक्रार करावी आणि पुढच्या स्टेशनवर मदत मिळावी, असे वारंवार घडले. ते ट्विटरच्या गुणाने घडले नाही. येणारे निरोप वाचून ते त्या-त्या विभागाला देण्याचे आणि उत्तर मागण्याचे काम कोणावर तरी नेमून दिलेले होते, म्हणून घडले. तिथेही तक्रारीला जोर आला तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केल्यामुळे, हे मान्य. पण डोळे पाहत असताना उत्तर न देणारी खाती शेकड्यांनी आहेत. आपल्या ग्रामपंचायती, नगरपालिका, कृषी विभाग, पाणीपुरवठा योजना यांच्याकडे ग्रुप आणि चॅनेल आता आहेतच. त्यांना नवे ॲप नको. दर ग्रुपवर उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आणि हुद्दा लिहिलेला असावा, आठवड्यात एक संध्याकाळ ग्रुपचे कुलूप उघडून प्रश्न घेतले जावेत, वॉर्डा-वस्तीगणिक वीस-पंचवीस जणांचे छोटे ग्रुप आणि त्यांचा एक निमंत्रक असावा, आणि आधीची सूचना चुकली असेल तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर, त्याच निरोपाला जोडून दिली जावी. हे सारे पुणे केंद्राने पोस्टकार्डांवर चालवून दाखवले होते.